पॅन्स लॅबिरिंथ : ओफेलियाची जादू खरी की मनातली? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात आम्ही काही जण नेमाने एकत्र बसून जगभरचे सिनेमे बघतो आणि मग त्यांवर बोलतो. 'पॅन्स लॅबिरिंथ' दाखवल्यापासून त्याच्यावरचे प्रश्न काही थांबलेले नाहीत. कुणी फोन करून विचारतं, कुणी पार्क चौकात गाठून, कुणी रात्री उशिरा लांबलचक निरोप पाठवून. फिरून फिरून सगळे एकाच जागी येतात : त्या मुलीला दिसतं ते खरंच घडतं का? सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी सिनेमा अजून पाहिला नाही त्यांनी पहिले दोन प्रश्न वाचून थांबावं, पुढे शेवट उघड केला आहे.

१. हा सिनेमा नेमका कशाबद्दल आहे? भुताचा आहे का?

भुताचा नाही. देश स्पेन, साल १९४४. तिथलं यादवी युद्ध १९३९मध्ये संपलं, फ्रँकोची हुकूमशाही पक्की झाली, पण डोंगरात लपलेले बंडखोर अजून लढताहेत. त्यांचा बीमोड करायला कॅप्टन विदाल एका जुन्या गिरणीत तळ ठोकून बसला आहे. (सोलापूरकरांनी कापडगिरणी डोळ्यांपुढे आणू नये, ही डोंगरातली जुनी दळणाची गिरणी.) त्याची गरोदर बायको कार्मेन तिथे राहायला येते, सोबत तिची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी ओफेलिया. गिरणीजवळ दगडी भुलभुलैया आहे. तिथे ओफेलियाला फॉन भेटतो, बोकडाच्या पायांचा, शिंगं असलेला, अतिशय जुना प्राणी. तो सांगतो की तू पाताळराज्याची हरवलेली राजकन्या आहेस. पौर्णिमेच्या आत तीन कामं पार पाडलीस तर तुला परत जाता येईल.

दिग्दर्शक मेक्सिकोचे गिएर्मो देल तोरो. सिनेमा २००६चा. छायाचित्रण, कला दिग्दर्शन आणि रंगभूषा यांसाठी त्याला तीन ऑस्कर मिळाले.

२. परीकथा आहे म्हणतात, तर मुलांना घेऊन बघावा का? आणि भाषा कळेल का?

लहान मुलांना अजिबात दाखवू नका. यात परी आहे, राजकन्या आहे, पण बाटलीने चेहरा ठेचून केलेला खून आहे, छळ आहे, पाय कापण्याचा प्रसंग आहे. मोठ्यांनाही काही ठिकाणी मान वळवावी लागते. भाषा स्पॅनिश आहे आणि इंग्रजी उपशीर्षकं देल तोरो यांनी स्वतः लिहिली आहेत, त्यामुळे इंग्रजी बेताचं असलं तरी डब केलेली प्रत न घेता ती वाचत बघा. आवाजात फार काही आहे, ते दुसऱ्या आवाजाखाली दडपलं जाऊ नये.

३. एका वाक्यात सांगा की ओ, जादू खरी का खोटी?

खरी. हे माझं मत आहे आणि ते सिनेमात दिसणाऱ्या गोष्टींवर उभं आहे. त्या गोष्टी प्रश्न ६ ते ९ मध्ये आहेत. दुसरी बाजूही तकलादू नाही, तिचे भक्कम मुद्दे प्रश्न ५, १० आणि ११ मध्ये येतात. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि फक्त १५वा प्रश्न वाचा. 'खरी का खोटी' यात एवढा जीव का घालायचा, ते तिथे लिहिलं आहे.

४. दिग्दर्शकाने स्वतः काय सांगितलंय? त्याने सांगितलं की वाद मिटला ना?

देल तोरो यांनी मुलाखतींमधून स्पष्ट सांगितलं आहे की त्यांच्या लेखी जादू खरी आहे, आणि तशा खुणा त्यांनी सिनेमात पेरून ठेवल्या आहेत. शेवटचं फूल आणि खडूचं दार या दोन खुणांवर त्यांचा विशेष भर असतो. त्याच वेळी ते असंही म्हणतात की प्रेक्षकाने आपला अर्थ लावावा, प्रत्येकाला आपापल्या स्वभावाप्रमाणे त्यात दिसेल.

वाद मात्र एवढ्याने मिटत नाही, आणि मिटू नये. दिग्दर्शकाच्या मनात काय होतं हा एक भाग, पडद्यावर काय उतरलं हा दुसरा. त्यांनी एकही मुलाखत दिली नसती तरी आपल्याला उत्तर शोधता आलं पाहिजे. म्हणून पुढची सगळी उत्तरं पडद्यावरच्या गोष्टींवरूनच दिली आहेत.

५. कॅप्टनला फॉन दिसतच नाही. ती एकटीच हवेत बोलत असते. मग विषयच संपला की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी थोडा विजय असतो. प्रसंग भुलभुलैयाच्या मधोमध घडतो. ओफेलिया आपल्या तान्ह्या भावाला छातीशी धरून फॉनशी बोलते आहे, विदाल मागून येतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं की समोर कुणीच नाही. सिनेमात 'जादू मनातली आहे' असं सांगणारी एवढी थेट जागा दुसरी नाही.

पण साक्षीदार कोण आहे ते बघा. थोड्या वेळापूर्वी ओफेलियाने आईच्या झोपेच्या औषधाचे थेंब त्याच्या पेल्यात टाकले आहेत आणि त्याने ते पिऊन टाकलं आहे. तो झोकांड्या खात तिथवर आला आहे. ज्याची नजर ठिकाणावर नाही त्याचीच नजर आपण प्रमाण मानायची, असं दिग्दर्शक आपल्याला सांगेल का? त्याला फॉन दाखवायचाच नव्हता तर औषधाची भानगड कशाला, बंदुकीच्या धाकानेही गोष्ट पुढे गेली असती. मला वाटतं, विदालची साक्ष जाणूनबुजून कच्ची ठेवली आहे.

दुसरं असं की मोठ्यांना हे दिसत नाही ही गोष्ट सिनेमा खूप आधी सांगून ठेवतो. घर सांभाळणारी मर्सेदेस ओफेलियाला सांगते की लहानपणी ती पुष्कळ गोष्टींवर विश्वास ठेवायची, आता ठेवत नाही. फॉनचं नाव निघाल्यावर मात्र ती हसण्यावारी नेत नाही. फॉनपासून सावध राहावं असं तिची आई सांगायची, एवढं बोलून थांबते. या डोंगरातल्या लोकांच्या तोंडी फॉन आधीपासून आहे, शहरातून आलेल्या ओफेलियाने तो सोबत आणलेला नाही.

६. खडूचा पुरावा म्हणतात तो नेमका काय?

हा माझ्या मते सगळ्यात पक्का, म्हणून जरा सावकाश सांगते.

मर्सेदेससोबत पळून जाताना ओफेलिया पकडली जाते. विदाल तिला माळ्यावरच्या खोलीत कोंडतो, पहारेकरी बसवतो आणि त्याला बजावतो की सोडवायला कुणी आलं तर आधी मुलीला मार. खोलीला एकच दार. फॉन येतो, शेवटची संधी देतो आणि बाळाला घेऊन यायला सांगतो. दाराला कुलूप आहे असं ती म्हणते तेव्हा तो तिच्या हातात खडू देतो : स्वतःचं दार काढ. पुढच्या प्रसंगात ओफेलिया विदालच्या खोलीत असते. बाळ तिथेच आहे, आणि विदालच्या टेबलावर खडूचा तुकडा पडलेला आपल्याला दिसतो.

आता जादू मनातली मानायची तर ती त्या खोलीतून बाहेर आली कशी? 'पहारेकरी उठून गेला असेल', 'तिने कुलूप उघडलं असेल' अशी उत्तरं मला मिळाली आहेत. अशक्य नाहीत. बंडखोरांचा हल्ला जवळ आला आहे, धावपळ चालू आहे, पहारा ढिला पडूही शकतो. पण हे पटवून घ्यायला सिनेमात नसलेला एक प्रसंग आपल्याला आपल्या मनाने रचावा लागतो. खडूने दार काढलं असं मानायला काहीच रचावं लागत नाही. कल्पनाशक्ती मग कोण वापरतंय, ओफेलिया की आपण?

आणखी एक. तो खडू सिनेमा आपल्याला जवळून दाखवतो. मुलीला गुपचूप शिरलेली दाखवायला एवढी गरज नव्हती.

७. मँड्रेकचं मूळ दुधात घातलं म्हणून आई बरी झाली, हे पुरावा म्हणून धरायचं का?

अर्धं धरा. फॉनने दिलेलं मँड्रेकचं मूळ (माणसाच्या आकाराची मुळी) ओफेलिया दुधाच्या भांड्यात घालून आईच्या पलंगाखाली ठेवते, वर आपल्या रक्ताचे दोन थेंब टाकते. आईला उतार पडतो आणि डॉक्टर फेरेइरो चकित होतात. मग विदालला मूळ सापडतं. तो संतापतो, ओफेलियावर हात टाकतो. शेवटी आईच ते आगीत फेकते आणि त्याच क्षणी कळ येऊन खाली कोसळते. पुढे बाळंतपणात ती जाते.

क्रम बघता जादू खरी वाटते. तरी गरोदरपणात प्रकृती खालीवर होते, घरात एवढी आरडाओरड झाल्यावर कळा सुरू होणंही नवल नाही. मुळाचं ओरडणं, वळवळणं फक्त ओफेलियाला कळतं, बाकीच्यांना ती वाळकी मुळी दिसते. म्हणून कोर्टात उभं करायचं झालं तर मी हा साक्षीदार आणणार नाही.

इथे जादूपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कार्मेनचं वाक्य. जगात जादू नसते, तुला नाही, मला नाही, कुणालाच नाही, अशा अर्थाचं ती लेकीला रडवेल्या रागाने सांगते. त्या बाईने जगण्यासाठी विदालशी लग्न केलं आहे. तिला जादू परवडणारीच नाही.

८. भुलभुलैयातली भिंत आपोआप उघडते, ते?

ती उघडते आणि ओफेलियाला वाट मिळते, मागून येणारा विदाल अडतो. पण हे तिच्याच बाजूने दाखवलं आहे आणि विदालची अवस्था प्रश्न ५ मध्ये सांगितलीच. जोडपुरावा म्हणून ठीक.

९. शेवटी झाडाला फूल येतं त्याचा अर्थ काय?

पहिलं काम आठवा. एका जुन्या अंजिराच्या झाडाच्या मुळाशी मोठा बेडूक बसला आहे आणि त्याच्यामुळे झाड मरत चाललं आहे. ओफेलिया आत शिरून त्याच्या पोटातून किल्ली काढते. मग तासाभराच्या गोष्टीत ते झाड कुणाच्या खिजगणतीत नसतं. अगदी शेवटी, ओफेलिया गेल्यानंतर, त्या वाळलेल्या फांदीवर फूल उमलतं.

तेव्हा ओफेलिया जिवंत नाही आणि झाडापाशी दुसरं कुणी माणूस नाही. मग हे कुणाच्या मनात घडतं? 'मनातली जादू' मानणाऱ्यांना इथे फक्त एकच वाट उरते : हे निवेदकाच्या गोष्टीतलं फूल आहे, सिनेमातलं नाही. राजकन्येने पृथ्वीवर लहानशा खुणा मागे ठेवल्या आणि कुठे बघायचं हे ज्यांना कळतं त्यांनाच त्या दिसतात, असं निवेदक सांगत असतो. आणि निवेदकाचा आवाज व फॉनचा आवाज एकाच नटाचा आहे, पाब्लो आदान यांचा. (पडद्यावरचा फॉन अमेरिकी नट डग जोन्स यांनी केला, पण त्यांना स्पॅनिश येत नव्हतं.) म्हणजे ही गोष्ट आपल्याला पहिल्यापासून फॉनच सांगतो आहे की काय, असा एक गोड संशय राहतो. तो खरा धरला तर फॉन खरा धरावाच लागेल.

१०. सिनेमा सुरूच होतो तिच्या नाकातून वाहणाऱ्या रक्ताने. मग सगळी गोष्ट मरताना पडलेलं स्वप्न नसेल का?

फार चांगली हरकत आहे. पहिल्याच दृश्यात ओफेलिया जमिनीवर पडली आहे आणि रक्त उलटं, नाकात परत जातं आहे. गोष्ट मागे जाते आणि शेवटी त्याच जागी येते.

पण सगळा सिनेमा तिचं स्वप्न असू शकत नाही, कारण तिला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यात घडतात. सशाची शिकार करायला निघालेल्या शेतकरी बापलेकांना विदाल मारतो ते तिने पाहिलेलं नाही. गुहेतल्या जखमी बंडखोराचा पाय डॉक्टर कापतात, तिथे ती नाही. मर्सेदेसला छळण्यासाठी बांधतात, तेव्हाही नाही. स्वप्न फार तर शेवटच्या सोनेरी दरबाराला म्हणता येईल. ते मी मान्यही करते. तो दरबार आपण तिच्या डोळ्यांतून, तिच्या शेवटच्या श्वासाबरोबर बघतो, त्यामुळे पुरावा म्हणून तो कामाचा नाही. त्याच्यानंतर येणारं फूल कामाचं आहे.

११. मनातली मानणाऱ्यांकडे सगळ्यात भक्कम मुद्दा कुठला?

साम्यं. फॉनच्या जगात जे जे आहे ते गिरणीत आधीच आहे. ओफेलिया बेडकाकडून किल्ली मिळवते, मर्सेदेस कोठाराची किल्ली बंडखोरांना पोचवते. ओफेलियाला दुसऱ्या कामात खंजीर मिळतो, मर्सेदेस पदराआड, म्हणजे तिच्या एप्रनच्या घडीत, लहान चाकू लपवून ठेवते. गावात रेशनवर पाव वाटला जात असताना विदालच्या लांब टेबलावर मेजवानी झडते. तशीच लांब टेबलाची मेजवानी पाताळात तळहातावर डोळे असलेल्या पेल मॅनपुढे मांडलेली असते, तोही टेबलाच्या टोकाशी बसलेला. दिवसभर जे बघितलं त्याचंच पोरीने मनात राज्य उभारलं, असं म्हणायला जागा आहे.

यावर माझं उत्तर : यातल्या बऱ्याच गोष्टी तिने बघितलेल्याच नाहीत. मर्सेदेसचा चाकू तिला माहीत नाही. विदालची ती मेजवानी चालू असताना ती झाडाखालून चिखलाने माखून परत येत होती. तिला ठाऊक नसलेल्या गोष्टींचे पडसाद तिच्या कल्पनेत कसे पडतील? ही साम्यं लेखकाने जुळवली आहेत, दोन जगं एकमेकांना उत्तर देत राहावीत म्हणून.

रंगांचंही तेच. सुरुवातीला गिरणी निळसर, थंड, सरळ रेषांची आणि पाताळ सोनेरी, लाल, गोलसर. जसजसा शेवट जवळ येतो तसे ते रंग एकमेकांत मिसळतात. यावरून खरं-खोटं ठरत नाही, पण दोन जगांमधली भिंत पातळ होते आहे एवढं डोळ्यांना कळतं.

१२. मी शाळेत समुपदेशक आहे. मला ही मुलगी आजारी वाटली, तिला मदतीची गरज होती. हे म्हणणं चूक आहे का?

मदतीची गरज होती, यात शंका नाही. आजारी होती हे मात्र सिनेमा कुठेही सांगत नाही. तिचं बोलणं ताळ्यावर आहे, आईची ती मनापासून काळजी घेते, धोका तिला मोठ्यांपेक्षा आधी कळतो. पोटातल्या भावाला ती गोष्ट सांगते, तो प्रसंग बघा. अशा घरात असं शहाणपण टिकवणारी मुलगी मला तर खंबीर वाटते. जादू मनातली मानली तरी तिला रोगाचं नाव द्यायचं कारण नाही, घाबरलेलं मूल स्वतःला गोष्ट सांगतं, एवढंच म्हणता येईल.

१३. एवढं बजावून सांगितलं होतं की काही खायचं नाही, तरी द्राक्षं खाल्ली! असं का केलं ओ तिनं?

यावरून लोक खरोखर चिडतात. पेल मॅनच्या टेबलावरच्या दोन द्राक्षांपायी दोन पऱ्या जिवानिशी जातात. कारणं हवी असतील तर तिच्या आसपास भूक आहे, रेशन आहे, आणि ती लहान मूल आहे. पण मला इथे दुसरं काही दिसतं. ओफेलिया मुळातच सांगितलेलं न ऐकणारी आहे. परीने दाखवलेलं छोटं दार ती घेत नाही, दुसरं उघडते, आणि ते बरोबर निघतं. द्राक्षांच्या वेळी न ऐकणं अंगाशी येतं. तिसऱ्या कामात तेच न ऐकणं तिचं सगळ्यात मोठं काम ठरतं. द्राक्षांचा प्रसंग नसता तर ती फक्त 'गुणी मुलगी' राहिली असती आणि शेवटचा नकार एवढा तिचा वाटला नसता.

१४. फॉन चांगला की वाईट? शेवटपर्यंत कळत नाही.

कळू नये अशीच रचना आहे. तो कधी मायेने बोलतो, कधी तिच्यावर खेकसतो, आणि बाळाचं रक्त मागतो. पेल मॅनही डग जोन्स यांनीच केला आहे, त्यामुळे मनात शंका येतेच. नीट बघितलं तर फॉन दर भेटीत तरुण होत जातो. पहिल्या भेटीत थकलेला, डोळे अंधुक, शेवटी उजळ आणि उभारीचा. तो बरा होतोय म्हणून आनंद मानायचा की त्याची ताकद वाढतेय म्हणून घाबरायचं, हे ओफेलियालाही ठरवता येत नाही. पुढच्या प्रश्नासाठी हे लक्षात ठेवा.

१५. जादू खरी मानली काय नि खोटी मानली काय, मुलगी मेलीच. मग फरक काय पडतो?

फरक तिसऱ्या कामात पडतो.

फॉन म्हणतो, दार उघडायला निष्पाप जिवाच्या रक्ताचा एक थेंब लागेल. बाळ दे, टोचण्यापुरतं. ओफेलिया देत नाही. फॉन विचारतो की ज्याला तू धड ओळखतही नाहीस त्याच्यासाठी तू राज्यावर पाणी सोडणार का. ती हो म्हणते. तेवढ्यात विदाल येतो, बाळ घेतो आणि तिच्यावर गोळी झाडतो.

आता दोन्ही बाजूंनी बघा. जादू मनातली असेल तर तिने नसलेल्या राज्यावर पाणी सोडलं. तिचा नकार तरीही मोठा आहे, कारण राज्य आहे असं तिला वाटत होतं. आई गेलेली, सावत्र बाप मागावर, परत जायला घर नाही, आणि तरीही ती भावाच्या अंगाला सुई लावू देत नाही. या वाचनातही तिचं माप कमी होत नाही, हे मी मनापासून मानते.

पण जादू खरी असेल तर तिने सोडलं ते खरोखरच मिळणार होतं. मरण नसलेलं राज्य, आईबापांची भेट, एका थेंबाच्या मोलात. तो थेंबही कदाचित नुसता थेंबच होता, बाळाला फारसं काही झालंही नसतं. इतकं स्वस्त असूनही तिने नाही म्हटलं. सिनेमाभर विदाल हुकूम देतो आणि लोक पाळतात. डॉक्टर फेरेइरो मरण्याआधी त्याला सांगतात की विचार न करता केवळ हुकूम म्हणून ऐकणं हे तुमच्यासारख्यांचं काम आहे. ओफेलिया तीच गोष्ट विदालला नव्हे, फॉनला सुनावते, म्हणजे ज्याच्यावर तिचा जीव आहे, ज्याच्याकडून तिला सगळं हवं आहे त्याला. जुलमी माणसाला नाही म्हणायला धैर्य लागतं. आपलं भलं करणाऱ्याला नाही म्हणायला त्याहून जास्त लागतं. जादू खरी धरली तरच या नकाराची पूर्ण किंमत दिसते, आणि म्हणून मी खडू, फूल, औषधाचे थेंब यांच्या एवढी मागे लागते.

१६. आमच्या घरी पणजोबांपासून मार्शल लॉच्या गोष्टी सांगतात. जादू खरी म्हटली की लढणाऱ्यांचं दुःख हलकं होत नाही का? सगळं परीकथेत विरून जातं.

हा प्रश्न सोलापुरातून यावा याचं मला नवल वाटत नाही. १९३०च्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ लादला गेला. १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे आपण रोज येताजाता बघतो. गणवेशातल्या माणसाच्या हाती सगळा कायदा गेला की गावाचं काय होतं, हे इथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

विरून जात नाही, असं माझं म्हणणं आहे. सिनेमात जादू एकाही बंडखोराला वाचवत नाही. शेतकऱ्याचा मुलगा मरतो, तोतऱ्या बंडखोराचा छळ होतो, डॉक्टर पाठीत गोळी खातात, आणि फॉन कुठेही येत नाही. मर्सेदेसला कुणी खडू देत नाही, तिच्याकडे भाजी चिरायचा चाकू आहे आणि ती त्याच्यावरच सुटते. विदाल मरतो तो बंदुकीच्या गोळीने. त्याआधी तो मुलाला बापाबद्दल सांगा म्हणतो, तर मर्सेदेस उत्तर देते की त्याला तुझं नावसुद्धा कळणार नाही. जादू आणि लढा यांतलं एक दुसऱ्याचं काम करत नाही, आणि यातच या सिनेमाचा प्रामाणिकपणा आहे.

१७. खरं की खोटं हा प्रश्नच परका वाटतो. गड्ड्याला अक्षता टाकताना आपण असं विचारतो का?

नाही विचारत. गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. तिथे संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, नंदीध्वजांसमोर संमती कट्ट्यावर लाखो हात अक्षता टाकतात, आणि 'हे घडलं होतं का' असं कुणी शेजाऱ्याला विचारत नाही. विचारलं तर प्रश्नच कुणाला कळणार नाही. तिथे आपण सोहळ्याच्या आत असतो.

सिनेमाच्या आपण बाहेर बसलेलो असतो. एका माणसाने ठरवून खडू टेबलावर ठेवला, ठरवून फॉनला एका दृश्यातून गायब केलं. ज्याने प्रश्न मुद्दाम मांडला आहे त्याला उत्तर देणं ही त्याची कदर आहे. तुमचा मुद्दा ओफेलियाच्या बाजूने मात्र अगदी खरा आहे : ती आत आहे, तिला हा प्रश्न पडतच नाही.

१८. फॉनने दिलेल्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर रक्त पसरतं आणि लगेच आईला रक्तस्राव होतो. हा पुरावा कुणी का सांगत नाही?

सांगायला हवा. भविष्य आधी दिसलं आणि मग घडलं, हे नुसत्या कल्पनेने जुळवणं अवघड आहे. मात्र आई आजारी आहे हे तिला माहीत होतं, भीतीच पानावर उमटली असं म्हणता येतं. मँड्रेकच्या पंगतीत बसवा (प्रश्न ७).

१९. यावर कादंबरी आहे म्हणे. त्यात काय ठरवलंय?

२०१९मध्ये देल तोरो आणि जर्मन लेखिका कॉर्नेलिया फुंके यांनी मिळून ती लिहिली. तिच्यात जादू सरळ खरी आहे. भुलभुलैया, गिरणी, पेल मॅन यांच्या मागच्या कथाही येतात. वाचा, पण सिनेमाचा निकाल तिच्यावर लावू नका. सिनेमा आधी आला आणि तो स्वतःच्या पायांवर उभा आहे.

२०. शेवटच्या दृश्यात फुलाजवळ किडा येतो, परी नाही. जादू खरी तर तिथे परी का नाही?

इतक्या बारकाईने बघणाऱ्याला सलाम. सुरुवातीला ओफेलिया रस्त्याकडेच्या दगडी मूर्तीचा निखळलेला डोळा परत बसवते तेव्हा मूर्तीच्या तोंडातून काडीकिडा बाहेर येतो. पुढे ती त्याला आपल्या परीकथांच्या पुस्तकातलं परीचं चित्र दाखवते आणि तो तिच्यासमोर परीचं रूप घेतो. शेवटी ती नाही, तर तो पुन्हा किडाच आहे. मनातली मानणारे म्हणतील, बघा, तिच्याशिवाय परी नाही.

माझं उत्तर असं : परीचं रूप त्याने तिच्यासाठी घेतलं होतं, तिने चित्र दाखवलं म्हणून. त्याचं मूळचं रूप किड्याचंच आहे, ती गिरणीत पोचण्याआधीपासून. मूर्तीच्या तोंडात तो तिची वाट बघत बसलेला होता, हे तिने कल्पिलेलं नाही, आपणही ते पाहिलं आहे. तरीही एवढं कबूल करायला हवं की हा मुद्दा दोन्हीकडे झुकतो आणि त्यावर मला कुणाला पूर्ण पटवता आलेलं नाही. ज्यांना किड्यात फक्त किडा दिसतो त्यांनी खडूकडे (प्रश्न ६) परत जावं, वाद तिथे घालायला जास्त अर्थ आहे.